पॅकिंगवरचा आळ

वशरामभाई पिठवांची जुनी पांढरी गाडी अंगणात उभी राहिली, की तासाभरात फरशीवर तळहाताएवढा काळा डाग पडे. सहा महिने त्यांच्या पत्नी लाभुबेन रोज सकाळी लाकडाचा भुसा टाकून, साबणाची पूड लावून तो घासत होत्या. शेजारच्या रसीलाबेन भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "काय गं लाभु, गाडीला तेल पाजतेस की तिचे पाय चोळतेस?"

"तिलाच विचार बाई. मला कुठं काय सांगते ती!"

जसदणला लाभुबेनची थोरली बहीण राहायची. तिच्याकडे जायचं तर वशरामभाई डिकीत तेलाचा डबा टाकत, आणि वाटेत आटकोटला गाडी थांबवून तेलाची पातळी दाखवणारी काडी ओढून बघत. गाठिया खायला लोक थांबत, हे काडी बघायला.

बटुकभाई मिस्त्री म्हणजे राजकोटातला जाणता माणूस. त्यानं इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, तेल अडवणारं पॅकिंग दोनदा बदललं, खालच्या तेलाच्या टाकीचं एकदा. दर वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा डाग. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन त्यानं निकाल दिला. "वशरामभाई, पॅकिंगं हल्ली अशीच येतात, दम नसतो. त्यात मागचं सीलही गेलंय. इंजिन उतरवायला लागणार. सोमवारी गाडी न्यायला येतो."

वशरामभाईंनी मान डोलावली. लाभुबेन चहा घेऊन आल्या होत्या. 'दम नसतो' हे त्यांना लागलं.

"सोमवारपर्यंत दोन दिवस आहेत ना? तोवर मी बघते."

"तू काय बघणार?" वशरामभाई म्हणाले.

"कुठनं गळतंय ते."

बटुकभाईनं बशीत चहा ओतला. "बघू दे की बेनला. बघायला काय पैसे पडतात?"

लाभुबेननी बावीस वर्षं भक्तिनगरच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनांची पॅकिंगं कापली होती. वशरामभाईंचं लेथचं दुकान बसलं, तेव्हा घर चालवायला त्या तिथं लागल्या आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत टिकल्या. तिथंही इंजिन कुठं गळलं की बोट आधी पॅकिंगकडे जाई, मग ते कापणाऱ्या बायकांकडे. एकदा जुनागढहून गळकी इंजिनं परत आली. शेठनं बायकांना रांगेत उभं केलं आणि म्हणाला, "तुमच्या हातात जीवच नाही." लाभुबेन तेव्हा तिशीच्या. त्यांनी शेठच्या टेबलावरच्या काचेवर एक पॅकिंग ठेवलं. ते सपाट बसलं. मग इंजिनाचं झाकण पालथं ठेवलं. ते डुगडुगलं. "शेठ, आता रांगेत कुणाला उभं करायचं ते तुम्ही बघा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर गळतीची तक्रार आली की शेठ आधी त्यांना बोलावून घ्यायचा.

शनिवारी दुपारी एक वाजला, दुकानांची शटरं पडली, सगळं राजकोट आडवं झालं. सल्ले द्यायला कुणी जागं नाही, ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडली. वशरामभाई आत घोरत होते. लाभुबेननी पदर खोचला, रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन चकचकीत धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, आणि अंगाला लावायची पावडर त्याच्यावर भरपूर उधळली. मग गाडी वीस मिनिटं चालू ठेवली.

पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटली. ती वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, इंजिनाच्या पाठीवरून उतरत थेट खाली त्या मागच्या सीलपाशी पोचत होती. सील बिचारं नुसतंच भिजत होतं.

पण वरचं पॅकिंग तर नवं होतं. लाभुबेननी इंजिन चालू असतानाच तेल ओतायचं बूच सैल केलं. ते हातात थडथडायला लागलं आणि खालून भसकन धूर आला. "अगं बाई, तुझा तर जीव कोंडलाय," त्या म्हणाल्या. कारखान्यात त्यांनी हे पाहिलं होतं. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जायला एक पाइप असतो. तो तुंबला की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो. मग पॅकिंग सोन्याचं बसवा, गळणारच.

गाडी बंद करून, थंड होऊ देऊन त्यांनी पाइप काढला. बाहेरून धडधाकट दिसत होता. एका टोकाला तोंड लावून फुंकलं, तर गाल फुगले, हवा हलेना.

तेवढ्यात वशरामभाई डोळे चोळत बाहेर आले आणि दचकले. "अगं, तोंड काळं केलंस की!"

"माझं राहू द्या. सोमवारी बटुकभाईचं बघा."

त्यांनी विळीवर पाइप उभा चिरून दाखवला. आतलं रबर फुगून आतल्या आत चिकटलं होतं, मधे डांबरासारखा काळा गाळ. वशरामभाईंनी तो बोटानं उकरून पाहिला आणि पाइप नमुन्याला पिशवीत टाकला. संध्याकाळी दुकानं उघडल्यावर ते तसाच नवा पाइप घेऊन आले.

वरचं झाकण उतरवल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. गळती थांबेना म्हणून बोल्ट इतके आवळले होते, की झाकणाची कड भोकांपाशी वाकली होती. लाभुबेननी लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातानं ती सरळ केली, काचेवर ठेवून पाहिली. मग पेटीतून जपून ठेवलेला कॉर्कचा तुकडा काढला, झाकण त्यावर दाबून खूण उमटवली, आणि ओट्यावर बसून पॅकिंग कापलं. बारा वर्षांनी. हात विसरले नव्हते.

रविवारी सकाळी दोघांनी मिळून सगळं बसवलं. वशरामभाई पान्यावर जोर लावायला लागले, तसं लाभुबेननी मनगट धरलं. "बस्स. पॅकिंगला बसायचंय, मरायचं नाही."

गाडी शहराबाहेर तीस किलोमीटर फिरवून आणली आणि खाली पेपर अंथरला. दुपारपर्यंत पेपरावर एक थेंब पडला. वशरामभाईंचा चेहरा उतरला. लाभुबेननी वाकून बोट फिरवलं. खालच्या टाकीचा एक बोल्ट ढिला होता. पाव फेरी पिळला. संध्याकाळी नवा पेपर घातला, तो सोमवारी सकाळी कोरा निघाला.

बटुकभाई गाडी न्यायला आला आणि खाली झोपून बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा पाठीला धूळ होती, बोटाला तेल नव्हतं. चिरलेला पाइप त्यानं दोनदा उलटासुलटा केला.

"बेन, हे मला कसं नाही दिसलं?"

"दुपारी झोपत असाल."

तो मनापासून हसला. जाताना म्हणाला, "जुन्या गाड्यांची पॅकिंगं मिळत नाहीत. माप पाठवलं तर कापून द्याल?"

"देईन. पण झाकणसुद्धा पाठवायचं. आधी ते सपाट आहे का बघीन."

पुढच्या रविवारी ते जसदणला गेले, वाटेत कुठंही न थांबता. जेवताना वशरामभाई साडूला रंगवून सांगत होते, "मग आम्ही काय केलं, पावडर टाकली. आम्हाला लगेच कळलं." बहिणीनं लाभुबेनकडे पाहिलं. लाभुबेननी हसू दाबत तिच्या ताटात आणखी एक बाजरीचा रोटला वाढला आणि नवऱ्याला त्याची गोष्ट पुरी करू दिली.