विरोध कोणाचा?

दोन हजार वीस साली आयर्लंडमध्ये निवडणूक झाली, पण सरकार काही बनेना. वाट बघता बघता ल्यूकनच्या बसथांब्यावर माझी दाढी गुडघ्याला टेकली. तिथे रोज भेटणाऱ्या डॅनिश आजोबांची तर रस्ता ओलांडून गेली.

करोनाचं अंतर पाळून आजोबा ज्येष्ठमधाची खारट गोळी लांबूनच फेकत. ती नेमकी माझ्या ओंजळीत पडे.

"आमच्याकडे राणी आहे," ते एकदा म्हणाले. "सरकार कोणी बनवावं, हे पक्ष तिला सांगतात. बहुमताचा होकार लागतच नाही. विरोधात बहुमत नसलं की झालं सरकार!"

मी डॉक्टर. दूर स्लायगोच्या हॉस्पिटलात हवी तशी नोकरी चालून आली होती, पण बायको महिनाभर हो म्हणत नव्हती. त्या दिवशी जेवताना मी होकार मागितलाच नाही. विचारलं, "विरोध कोणाचा?"

"ग्रँड, बाबा," मुलगी म्हणाली. आयरिश बोलीत म्हणजे 'चालेल'.

बायकोने आमटीचा डाव हवेतच थांबवला. "विरोध नाही. बाहेरून पाठिंबा. कधीही काढून घेईन."

आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमचं सरकार मात्र वर्षभर स्लायगोत टिकून आहे. पोळ्या पंतप्रधान स्वतः लाटतात.