तांडेलांची लाल नाडी

किस्से फ्रीजच्या दारातल्या सॉसच्या पुड्यांसारखे साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही आणि टाकवतही नाहीत! माझ्याकडचे बहुतेक एकाच शेडमधले आहेत.

हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून मी दामले सरांच्या कंपनीत गेले. कंपनी म्हणजे खडकवासल्याच्या पुढे एक पत्र्याची शेड, आत आम्ही चार टाळकी आणि एक बोट. बोटीवर माणूस नाही. तिने बंदरात एकटीने गस्त घालायची आणि पाण्याखालून कोणी पाणबुड्या आला तर बोंब मारायची. पाण्यातला माणूस ओळखायचं सॉफ्टवेअर माझं.

नेव्हीला बोट पसंत पडली तर ठीक, नाहीतर शेडला कुलूप आणि मी परत हिंजवडीच्या बसच्या रांगेत. आई रोज विचारायची, "अगं, पण पुण्यात समुद्र कुठाय?"

दामले सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "ती समुद्राची चूक आहे!"

*

धरणाच्या पाण्यात बोट पहिल्यांदा सोडली तेव्हा काठावर एक आजोबा म्हशी धूत होते.

"यात मानूस कुठं हाय?"

"नाही आजोबा, एकटीच फिरते."

"मंग आमच्या म्हशी येगळं काय करत्यात?"

तेवढ्यात बोट गर्रकन वळली आणि सायरन सुरू! माझ्या सॉफ्टवेअरने एका म्हशीला शत्रू ठरवलं होतं. बोट तिच्या मागे, आजोबा बोटीच्या मागे, आणि काठावरून आम्ही!

"ओ बाई, गाभण हाय ती! आवरा तुमच्या मशिनीला!"

दामले सर शांतपणे म्हणाले, "चला, आपली बोट निदान भेदभाव करत नाही."

*

मग नेव्हीने बोटीची परीक्षा घ्यायला पेटी ऑफिसर तांडेलांना पाठवलं. बंदराची राखण करायची आणि संशयित जहाजांवर चढून झडती घ्यायची, हे त्यांच्या टीमचं काम. मूळचे अलिबागकडचे. बुटके, मऊ आवाजाचे. मला तर वाटलं, बँकेतून कोणी आलंय!

येताना तुळशीबागेतून परकराची लाल नाडी घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, बोटीच्या पोटाखाली कडी आहे ना, तिला मी ही बांधणार. नाडी बांधली म्हणजे सुरुंग लावला. बोट गेली!"

तांडेल पाण्यात उतरले. त्यांच्या श्वासाच्या यंत्रातून बुडबुडे निघतच नाहीत. आम्ही स्क्रीनला डोळे चिकटवून बसलो. स्क्रीन ढिम्म! बोट वर काढली तर कडीला नाडी, तीसुद्धा फुलासारखी गाठ मारून.

तांडेल शेडच्या मागून कान पुसत आले. "चहा मिळेल का?"

सगळ्यांनी दामले सरांकडे बघितलं. आमच्याकडे चहाचा विषय कोणी काढत नसे. सर म्हणाले, "पाणी आहे ना एवढं!"

*

पुढे रोज नवं सॉफ्टवेअर आणि रोज नवी नाडी. मला स्वप्नात परकर दिसायला लागले!

एकदा माझ्या हातून बोटीचा सेन्सर पाण्यात पडला. पावसाने पाणी नुसतं गढूळ झालेलं. सेन्सर परदेशी, दुसरा यायला किती महिने लागतील देव जाणे. मी रडायच्या बेतात होते. तांडेल सरळ पाण्यात उतरले. बराच वेळ पत्ता नाही. वर आले तेव्हा एका हातात सेन्सर आणि दुसऱ्या हातात पितळी तांब्या!

"हा पण तुमचाच का?"

"अहो, आत दिसलं कसं?"

"दिसतंय कुठे? मी डोळे मिटूनच शोधतो. उघडे ठेवले की उगाच बघावंसं वाटतं."

असली माणसं आपल्या बंदराखाली पोहत असतात म्हणून आपण इथे निवांत झोपतो, हे मला त्या दिवशी कळलं. खरंच सांगते, अंगावर काटा आला.

*

एकदा मी विचारलं, "चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने चढल्यावर सगळ्यात आधी काय बघता? बंदूक?"

"चहा."

"काय?"

"अहो, झडतीला आलेला माणूस कोणाला आवडतो? सगळे तोंड पाडून उभे असतात. पण एखादा हसत हसत किटली घेऊन पुढे येतो. मी त्याच्याकडे बघतच नाही. त्याच्या पाठीमागे बघतो."

आम्हाला हे इतकं आवडलं की आठवडाभर तेच चाललं होतं. कोणी बिस्किट पुढे केलं तरी, "पाठीमागे काय आहे ते दाखव!"

*

आणि मग शेवटची परीक्षा. कमांडरसाहेब स्वतः येणार होते. आज नाडी बांधली गेली तर खेळ खलास!

तांडेलांना आमची दया आली असावी. ते थर्मासभर चहा घेऊन आले. आल्याचा! आम्ही चौघं थर्मासवर तुटून पडलो. दामले सरांनी तर परत मागून घेतला.

साहेब आले. बोट ट्रॉलीवरून पाण्यात सोडली. तांडेल लांबून पाण्यात शिरले. स्क्रीनवर बारीक ठिपका आला, गेला, परत आला. बोट थबकली, वळली, आणि सायरन! तांडेल बोटीपासून चांगले लांब, दोन्ही हात वर करून पाण्याबाहेर आले. बोटीला त्यांचा हातही लागला नव्हता!

आम्ही नाचलो. दामले सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आईला फोन लावायला घेतला.

"बोट वर घ्या," साहेब म्हणाले.

बोट वर आली. पोटाखालच्या कडीला लाल नाडी! फुलासारखी गाठ.

"पण... पण आम्ही तर त्यांना पकडलं!" मी म्हणाले.

"बोट पास. आम्ही घेतोय," साहेब म्हणाले. "कंपनी फेल. शेडमधून निघतानाच मेला होतात तुम्ही."

तांडेल कान पुसत माझ्याजवळ आले.

"मॅडम, सकाळी चहा कोणी आणला होता?"