भिंतीबाहेरचा नळ

बटणआजी रोज सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडते आणि म्हणते, "आलास का राजा! ये, ये." सून हसते, नातू नक्कल करून दाखवतो, पण आजीचं कौतुक काही सरत नाही. सत्तरी उलटली, काजं नीट दिसेनात, तरी गल्लीभरच्या शर्टांना बटणं लावून देते, म्हणून हे नाव. "घरात पाणी येतं आणि लोक तोंड पाडून बसतात. कमाल आहे बाई!" हे तिचं पालुपद.

पण परवा ती भडकली. इमारतीच्या भिंतीला बाहेरून एक नळ आहे. भाजीवाले, हमाल, मागच्या खोल्यांतल्या बायका तिथं पाणी भरतात. तो बंद करून गाड्यांना जागा करायची, असं काही जणांनी काढलं. आणि त्यांचा पुढारी कोण? तर आजीचा सख्खा धाकटा भाऊ! छापखान्यातून निवृत्त झालेला, वरच्याच मजल्यावर राहणारा. आजीला घास गोड लागेना. त्या बायकांनी आता जायचं कुठं?

जिन्याखाली बैठक भरली. भाऊ तावातावानं उठला. "फुकट मिळालं की माणूस आळशी होतो. आम्ही लहानपणी टेकडी उतरून विहिरीचं पाणी आणायचो. खांदे सोलवटायचे. म्हणून तर घडलो!"

लोकांनी माना डोलावल्या. आजी मात्र खुदकन हसली.

"अरे, तू कधी रे आणलंस?"

"म्हणजे काय ताई? आपण आणायचोच की!"

"आपण कसलं डोंबलाचं! मी आणायचे. तू मागून पाढे म्हणत यायचास, तेही सुट्टीच्या दिवशी."

सगळे खो खो हसले. भाऊही हसायला गेला, पण मध्येच थांबला.

"मग मी का नाही आणायचो?"

"तुला शाळेला उशीर झाला असता ना, वेड्या," आजी म्हणाली. "आणि मी काही घडलेबिडले नाही हो त्यानं. माझी शाळा तेवढी राहिली. अजून वाईट वाटतं मला. त्या मागच्या खोल्यांतही पोरी आहेत."

भाऊ मटकन खाली बसला. इतकी वर्षं छाती फुगवून सांगितलेले कष्ट शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"नळ राहू दे, असं कुणाला वाटतं?" चिटणीसांनी विचारलं.

भावाचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मोजणी होऊन लोक घरी निघाले, तरी तो खाली घ्यायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.