गव्हाणीपुढची अमेरिकन गाडी

वडगाव निंबाळकरच्या आमच्या वस्तीवर एकच गोठा धड आहे. खाली कोबा, वर पत्रा, पाणी निघून जायला नाली आणि भिंतीला लागून सिमेंटची गव्हाण. तो मी दुधाच्या पैशातून बांधून घेतला. त्यात तीस वर्षं एक गाडी उभी होती आणि गाई बाहेर चिखलात.

गाडी अमेरिकन. माझे दीर मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठचं दिवाळं निघालं तेव्हा त्याने थकलेल्या पगाराच्या बदल्यात ही गाडी दिली. शहाण्या माणसाने घड्याळ मागितलं असतं, निदान पंखा मागितला असता. दीर गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "वैनी, दोन दिवस गोठ्यात ऱ्हाऊ द्या. मग बघतो." ते बघणं अजून चालू होतं.

गाडी बैलगाडीपेक्षा लांब आणि दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत घुसायचं. नऊवारीतली बाई एकदा आत गेली की तिला बाहेर ओढायला दोन माणसं लागत. मी पणदऱ्याच्या एका लग्नाला एकदाच तिच्यातून गेले. परत येताना दुधाच्या टेम्पोत बसले. गाडीला जोर फार, असं दीर सांगायचे. पाय ठेवला की वाघासारखी झेप घेते. आमच्या रस्त्यावर ती झेप घेऊन उसाच्या ट्रॉलीच्या मागे जाऊन थांबायची, आणि ट्रॉली जाईल तसं तिच्यामागे रांगायची. पेट्रोल मात्र झेपेचंच प्यायची. दोन वर्षांत तिला पाजणं कुणालाच परवडेना, आणि ती माझ्या गव्हाणीत तोंड घालून कायमची थांबली.

तिचं इंजिन माझ्या मालकांनी काढलं, ते हयात असताना. माझं माहेर डाळजचं, इंदापूर तालुक्यातलं. रान धरणाच्या पाण्याला लागून. उन्हाळ्यात पाणी मागे मागे सरकतं आणि विजेच्या मोटारीची वायर तिथवर पुरत नाही. मालकांनी ते आठ सिलिंडरचं धूड लोखंडी चौकटीवर बसवलं, खाली चाकं लावली, पंप जोडला आणि माझ्या भावाला दिलं. रॉकेलवर चालायचं. पाणी सरकेल तसं इंजिन ढकलत न्यायचं. अमेरिकेने वाऱ्यासारखं पळायला केलेल्या त्या इंजिनाने डाळजच्या कांद्याला पाणी दिलं, आणि जन्मात उपयोगाचं तेवढं एकच काम केलं. दीर महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. मग भावाने लांब वायर घेतली आणि इंजिन बाभळीखाली पडून राहिलं.

मधे एकदा पुण्याचे जुन्या गाड्यांचे शौकीन गावात कुणाची तरी जीप बघायला आले होते. दिरांनी त्यांना ओढून आणलं. त्यातल्या एकाने गाडीभोवती फेरी मारली आणि हसला. म्हणाला, "काका, नाव झालेली गाडी वेगळी. ही तिची धाकटी बहीण. हिला कोण विचारतं?" चहाही न घेता गेले. दिरांनी त्या दिवशी गाडीचं नाक फडक्याने पुसलं, जसं काही तिने ऐकलं होतं.

मग गेल्या वर्षी दिरांचा मुलगा मोबाइल नाचवत आला.

"काकू, भाव फुटलाय! नाव झालेल्या गाड्या लई म्हाग झाल्या. आता लोक ह्याच शोधायला लागल्यात, कुणी न इचारलेल्या!"

हे कळायला मला मोबाइल लागत नाही. गोरी बहीण उजवली की स्थळं सावळीकडे वळतात, आणि वर म्हणतात, हिच्या अंगात गुण फार. माझं लग्न तसंच झालं. गुण आधीही होते, बघायला कुणी आलं नव्हतं.

भाव फुटला आणि माझा गोठा आणखी लांब गेला. आधी निदान मी गाडीच्या टपावर पेंडीची पोती ठेवत होते, बॉनेटवर शेंगा वाळवत होते. आता पुतण्याने गाडीवर कापड घातलं, दाराला कुलूप लावलं आणि मला सांगितलं, "हितं धूर करायचा न्हाय. पाणी मारायचं न्हाय. हात बी लावायचा न्हाय. हाय तशी ऱ्हायली तरच किंमत."

"गंज बी?"

"गंज बी, काकू. गंज वरिजनल हाय."

माझ्या गुडघ्यांचा गंजही ओरिजनल आहे, पण त्यावर कुणी कापड घालत नाही.

त्याच सुमाराला माझ्या एका गाईचा मागचा खूर सडायला लागला. सात महिन्यांची गाभण, कळपातली सगळ्यात दुधाची. डॉक्टर आला, खूर कोरला, औषध भरलं आणि हात धुता धुता म्हणाला, "आजी, औषधानं चार दिस निभंल. कोरड्या कोब्यावर बांधा. चिखलात ठिवली तर ती बसंल, आन बसल्याली गाय उठायची न्हाय. वासरू बी जायचं."

कोबा होता. कोब्यावर गाडी होती. मी दिरांकडे गेले.

"भाऊजी, गाडी बाहेर काढा."

"आता? आता तर भाव वाढतोय, वैनी."

"मग विका."

"वाढत्या भावात कोण इकतं?"

"मग पडल्यावर विका."

"पडल्यावर घेतंय कोण?"

चौथीपर्यंतच शिकले मी, पण एवढं गणित मला येतं. अशी वस्तू कधीच विकली जात नाही आणि माझी गाय चिखलातच बसते. म्हणून मीच पुतण्याच्या मागे लागले, की आण तुझं गिऱ्हाईक. वाळू मागवून गाईच्या पायाखाली टाकली, रोज खूर धुतला आणि वाट बघत बसले. खोटं कशाला बोलू, पुतण्या जी किंमत सांगत होता ती ऐकून माझ्याही मनात आलं, की ह्यात आमच्या वाटणीच्या दोन गाई येतील. हाव फक्त पुरुषांना असते असं नाही.

गिऱ्हाईक फोनवरच बोललं. पांढरपेशा आवाज, शांत. त्याने एकच विचारलं: "इंजिन गाडीचंच आहे ना? आरसी बुकात जो इंजिन नंबर आहे, तोच इंजिनावर ठोकलेला असला पाहिजे. जुळला तर गाडी. नाही जुळला तर पत्र्याची पेटी."

म्हणजे लोखंडाचीही पत्रिका जुळवायची.

पुतण्या आणि मी डाळजला गेलो. माझा भाऊ अंगणात बाजेवर बसला होता. त्याने जन्मभर बैलांचा व्यापार केला. खरेदीला गेला की बैलाचे दात मोजायचा, विकायला गेला की दात कुणाला मोजू द्यायचा नाही.

"इंजिन न्यायला आलोय," मी म्हणाले.

"कुठलं इंजिन, आक्का?"

"बाभळीखालचं. वीस वर्षं ज्यावर कोंबड्या बसत्यात ते."

"ते तुमी दिल्यालं हाय. दिल्यालं माघारी न्यायची रीत कुठली?"

"तुला पाण्याला दिलं होतं. आता काय त्यानं पाणी उपसतोस?"

भावजय चहा घेऊन आली. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, मोबाइल आमच्याकडं बी हाय की."

मग मला कळलं. इंदापूर तालुक्यालाही भाव पोचला होता.

"तुमच्याकडं हाय ती नुसती पेटी," भाऊ म्हणाला. "जीव आमच्याकडं हाय."

"जिवावर कोंबड्या हगत्यात!" पुतण्या म्हणाला.

"हगू दे. पर जुळायला पायजे ते आमच्याकडंच."

दोन तास वाद झाला. एकीकडे आमचा बारामती तालुका, दुसरीकडे भावाचा इंदापूर, मधे मी, माहेरी उपरी आणि सासरी परकी. शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. भाऊ म्हणाला, "आठ दिस द्या. इंजिन मी सोता घेऊन येतो. गिऱ्हाइकापुढं असंच न्ह्यायचं आसतंय व्हय?"

इथे मी चुकले. हात लावायचा नाही, आहे तसं राहू द्यायचं, हे पुतण्याने मला दहा वेळा सांगितलं होतं. मी ते भावाला सांगितलं नाही. पुतण्यानेही सांगितलं नाही, तो वाटणीच्या रागात आम्ही आणलेल्या टेम्पोत जाऊन बसला होता. आणि मला ते गंजाचं कौतुक खुळेपणाच वाटत होतं. विकायची वस्तू घाण ठेवायची, असं आमच्याकडे कुणी कधी केलेलं नाही.

आठव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, बूट दाराबाहेर काढून गोठ्यात शिरला. मी म्हटलं, "घाला हो, देवघर न्हाय ते." त्याने गाडीवरचं कापड असं उचललं जसं नवरीचा पदर. बॅटरी लावून खाली वाकला, गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा वेगळा नंबर वाचला, आरसी बुकाशी ताडला. "छान," म्हणाला. "अगदी छान. कुणी हात लावलेला नाही." दिरांची मान एवढी ताठ झाली की मला वाटलं उसण भरेल.

तेवढ्यात डाळजचा टेम्पो आला. मागचं फळकं पाडलं. आत इंजिन.

लालभडक. ऑइलपेंट. कडांना पिवळी रेघ. वर हळदकुंकू, हार आणि मधे नारळ. माझ्या भावाने बाजाराला न्यायचा बैल जसा सजवतात तसं ते सजवलं होतं. शिंगं साळायची, रंगवायची, वरून बेगड लावायची, म्हणजे बैल दोन वर्षांनी तरुण दिसतो. त्याने आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

"बघा सायेब," भाऊ म्हणाला, "म्हातारं म्हनायची टाप हाय का कुणाची?"

गिऱ्हाईक पुढे झालं. टेम्पोत चढलं. हार बाजूला केला. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक सपाट जागा असते, तिथे बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. मग बॅटरी लावली.

"इथे नंबर होता," तो म्हणाला.

"व्हता की," भाऊ म्हणाला. "कायतरी खाचा व्हत्या तितं. ग्रायंडर मारून साफ केल्या. हात लावून बघा, आरशागत."

 दीर गाडीकडे बघत होते, इंजिनाकडे नाही. गिऱ्हाईक टेम्पोतून उतरलं, रुमालाने बोटं पुसली. लाल रंग अजून ओला होता.

इथे गप्प बसलं असतं तरी काहीतरी राहिलं असतं. पण पुतण्या पुढे आला आणि म्हणाला, "सायेब, त्यात काय एवढं? बुकात नंबर हायच की. लेथवाल्याकडनं तोच नंबर परत ठोकून आणतो. उद्या संध्याकाळपत्तुर."

गिऱ्हाइकाने त्याच्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग आरसी बुकाकडे.

"आणि गाडीवरचा नंबर?" त्याने विचारलं. "तो कुणी ठोकला?"

पुतण्याने शपथा घेतल्या, आईची, देवीची, माझी सुद्धा, मला न विचारता. गिऱ्हाइकाने बूट घातले, दिरांना हात जोडले आणि गेलं. पुतण्याला आणखी दोघेतिघे फोन करणार होते, त्यांनी केले नाहीत. ह्या शौकिनांचा एकमेकांत बोलवा असतो म्हणे, बैलबाजारातल्या हेड्यांसारखाच, त्या दलालांसारखा.

नंतर अंगणात तासभर दोन्ही तालुक्यांनी एकमेकांचा उद्धार केला. "तुमी सांगितलं का न्हाय?" "सांगाया कशाला पायजे, डोळं न्हाईत?" "बैल समजलास का त्याला?" "मग काय समजू, गंजाला किंमत देणारं येडं गाव मी बघितलं न्हाय!" खरं तर भावाचं तेवढं बरोबर होतं. जन्मभर वय लपवून पैसे मिळवलेल्या माणसाला, वयाचेच पैसे मिळतात हे कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. मी तेही अंगणात बोलून दाखवलं. कुणी ऐकलं नाही, सगळे ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याला कुलूप नव्हतं. पुतण्याने काढून टाकलं होतं. आता कशाची राखण करायची?

"भाऊजी," मी म्हटलं, "गाडी बाहेर काढायची."

"आज आमुशा हाय, वैनी."

"गाईच्या खुराला आमुशा कळत न्हाय."

ते उठले. खुंटीवरची जुनी ड्रायव्हरची टोपी घातली, गाडीचं दार उघडलं आणि आत बसले. शेजारच्याचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. चाकांत हवा नव्हती, गाडी कोब्यावर खरडत निघाली. दिरांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं आणि दाराशी आल्यावर सवयीने हात बाहेर काढून वळणाची खूण केली. मागे फक्त मी होते. लिंबाखाली गाडी थांबली तेव्हा ते लगेच उतरले नाहीत. म्हणाले, "बरं झालं वैनी, गेला तो. भाव फुटल्यापासनं ह्या पोरानं मला आत बसू दिलं न्हवतं."

मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं गाई चिखलात ठेवणाऱ्या माणसाची दया करायला मला वेळ नव्हता. मी गव्हाण घासली, नाली मोकळी केली. कोब्यावर तेलाचा काळा डाग होता, त्यावर चुना टाकला. मग गाय आणली. ती दारात अडली, वास घेत राहिली. पुठ्ठ्यावर एक थाप दिली तशी आत आली.

खूर वाळायला दोन महिने लागले. ती अजूनही किंचित लंगडते. कालवड दिली तिने, त्याच कोब्यावर.

परवा आणखी एक जण मोटारसायकलवरून आला. म्हणे, नंबर नसला तरी चालेल, पुढेमागे अशाही गाड्यांना भाव येणार. फक्त गाडी उन्हात ठेवू नका, आत घ्या. दिरांनी लिंबाखालून माझ्याकडे बघितलं. मी कालवडीला पाजत होते. त्याला म्हटलं, "न्यायची आसंल तर आजच न्या. आत जागा न्हाय."