पाच बोटं, पाच पट्ट्या

“उघड.”

सिस्टर नमस्काराआधी हेच म्हणत. कोराडीच्या बसमधून उतरून, ओढणीवरची वीजकेंद्राची राख झटकत त्या रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत शिरत आणि समोरच्या माणसाचा तळवा बघत. चेहरा नंतर.

माझी त्यांच्याशी ओळख कुकरच्या वाफेमुळे झाली. पेपरात लिहिणारा मी, भाजलेल्या उजव्या हातावर टूथपेस्ट फासूनच तिथे पोचलो होतो. ती धुता धुता त्या म्हणाल्या, “पेपरात लोकायले शिकवता, अन् घरचा नळ नाही दिसला तुम्हाले?”

अशा खोलीत तुम्ही बसला असाल, तर ड्रेसिंग किती झटपट उरकतात ते ठाऊक असेल. सिस्टर मात्र प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी बांधत. नाहीतर जखम भरताना बोटं एकमेकांना चिकटतात, म्हणत. रांग कुरकुरे. त्यांना ऐकू येत नसे.

माझ्या शेजारी एक लंबी रोटी करणारी बाई बसे. सैल कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर टाकायची, यावरच तिचं पोट. घसरलेला मटका तिने हातांनी धरला होता. जखमा भरल्या, पण दुखतं म्हणून तिने उजवी मूठ मिटूनच ठेवली. बोटं आखडली. तळवा सपाट झाला नाही तर रोटी फाटणार, हे तिलाही कळत होतं. तरी व्यायाम म्हटला की ती रडे.

एका सकाळी सिस्टरांनी डब्यातून कणीक आणली. मले शिकव, म्हणाल्या. त्यांनी ताणली की फाटे. पुन्हा ताणली, पुन्हा फाटली. बाईला ते बघवेना.

“चिंध्या करून राहिल्या तुम्ही, सिस्टर. असं धरा,” म्हणत तिने स्वतःची मूठ उघडली. अर्धीच. पण उघडली.

मग रोज डबा येऊ लागला. तुम्हाले या जन्मात नाही जमत, असं बाई रोज सुनावे आणि रोज थोडा जास्त हात उघडून दाखवे.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी बाईने रुग्णालयाच्या मागच्या अंगणात मटका मांडला. आम्ही जुने पेशंट जेवायला होतो. दोन-चार रोट्या झाल्यावर सिस्टरांनी बाह्या सारल्या, कणीक घेतली, कोपरापर्यंत ताणली आणि मटक्यावर टाकली. एक भोक नाही.

बाई बघतच राहिली. “म्हणजे तुम्हाले येत होती?”

“उघड,” सिस्टर म्हणाल्या.

बाईने पिठाचा हात पुढे केला. सिस्टरांनी एकेक बोट दाबून पाहिलं, ओढणी सारखी केली आणि कोराडीच्या बससाठी निघाल्या.