कूलरमधली बाळंतीण

सुमनताई, गुडघा काय म्हणतो? मालिश मध्येच सोडू नका. सेलूचे भाऊजी, शुगर आली का ताळ्यावर, की अजून चोरून जिलेबी चालूच आहे? आणि निशा, बाळाचा खोकला गेला का ग?

मी बरी आहे. पण मधल्या दिवसांत असे धक्क्यावर धक्के बसले... म्हणून आज सविस्तर लिहिते.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या नालवाडीत घरोघरी एकच काम, कूलर लावणे. वर्ध्याचं ऊन पाहुण्यासारखं येत नाही हो, घरचंच असल्यासारखं पाय पसरून बसतं. यंदा मला जास्तच घाई होती, कारण आमचे हे बायपास होऊन घरी आले होते. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या... उन्हाला जपा, आणि रोज थोडं थोडं चाला.

पहिली गोष्ट माझ्या हातातली. दुसरी त्यांच्या... आणि त्यांनी तर हातपायच गाळले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मुलगा फोनवर समजावून थकला, मी रागावून थकले. "माहं झालं आता," एवढंच म्हणायचे, तेही भिंतीला.

त्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातला कूलर साफ करायला घेतला. वरची जुनी साडी सोडली, बाजूची जाळी उचलली, आणि जुनं गवत ओढायला आत हात घातला... हाताला काहीतरी ऊन ऊन, मऊ लागलं. आणि ते हललं.

वाकून पाहते तर काळं तोंड, गोटीसारखे डोळे... आणि फिस्सकन ते माझ्या अंगावरच आलं. मी अशी मागे कोसळले की पाण्याची बादली उलटी झाली. तसं ते परत आत शिरलं.

बादलीचा आवाज ऐकून शेजारच्या बेबीताई आल्या. त्यांनी लांबूनच वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "वहिनी, मसण्याऊद हाय थे. मसनातलं जनावर. घरात बिमार मानूस असताना बरं नसते. मिरच्याची धुनी द्या, पयते आपोआप."

हसाल तुम्ही... हसा. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण पुढचं वाचून वाचून शिकले. मसण्याऊद म्हणजे उदमांजर, फळं-उंदीर खातं, कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि धीर असणं वेगळं. ज्या घरातला माणूस नुकता यमाच्या दारातून परत आलाय, त्या घरात 'मसन' हा शब्दसुद्धा नको वाटतो.

ह्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं. स्वयंपाकघरात जाऊन मूठभर लाल मिरच्या घेतल्या, घमेल्यात गोवरीचे तुकडे घातले. परत येताना सवयीने त्यांच्या खोलीत डोकावले... तर पलंग रिकामा.

बाथरूममध्ये नाहीत. पुढच्या खोलीत नाहीत. जो माणूस आधाराशिवाय उठत नव्हता, तो जाईल कुठे?

तशीच मागे धावले... तर आमचे हे त्या उलट्या बादलीवर बसलेले. एक हात छातीच्या टाक्यांवर, मान तिरकी, आणि नजर कूलरच्या आत. बेबीताई भिंतीपाशी उभ्या. मी घाबरून सांगत सुटले की आत चला, ते अशुभ जनावर आहे, बेबीताईच म्हणतात...

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हळू बोल. पिल्लं झोपले." मग माझ्या हातातल्या मिरच्यांकडे बघून म्हणाले, "अवं, न्यायले येनारं कोनी लेकरं संग घेऊन येते काय? बाळंतीण हाय ते. माहेरी आली."

बेबीताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मिरच्यांकडे. "मंग बाळंतिणीले ओव्याची धुरी द्या लागन, वहिनी," म्हणाल्या. आणि मी घमेलं खाली ठेवून हसत होते की रडत होते, माझं मलाच कळलं नाही.

कूलर जागचा हलला नाही. खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, पंख्यावर भागवलं. दुपारी ह्यांनी केळं मागितलं. इतक्या दिवसांत तोंडाने काही मागितलं, म्हणून मी हरखून सोलून दिलं... थोड्या वेळाने पाहते तर अर्धं केळं कूलरच्या छतावर. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अर्धं मी खाल्लं."

मग रोज सकाळी केळं गेलं का ते पाहायला अंगणात. संध्याकाळी नवीन ठेवायला अंगणात. मी कौतुक केलं नाही, दृष्ट लागायची.

आणि एका सकाळी कूलर रिकामा. पिल्लं तोंडात धरून आई कुठे घेऊन गेली, कुणास ठाऊक... हे बराच वेळ वाकून आत पाहत राहिले. म्हटलं, झालं, आता पुन्हा ती भिंत.

ते घरात आले. पलंगाजवळ गेले, उभे राहिले... आणि म्हणाले, "माह्या चपला कुठं ठेवल्या वं? चौकात जाऊन येतो."

डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण जिच्यासाठी मी मिरच्या घेऊन निघाले होते, त्या माऊलीचं देणं मी कसं फेडू... तिची लेकरं जिथे असतील तिथे सुखी राहोत, एवढंच.

सगळ्यांनी आपापली तब्येत खाली लिहा. नुसता अंगठा दाखवून पळू नका, दोन ओळी तरी लिहा... आणि आजच लिहा, मी वाट पाहते.