छबूबाईचे पोछे

छबूबाईने पुसलेली फरशी पाहिली की चप्पल आपोआप पायातून सुटते. शिर्डीच्या एका लॉजवर ती अकरा वर्षं फरशी पुसते. मूळची तिसगावची. नवऱ्याबरोबर दहा हंगाम ऊस तोडला. तो गेला तेव्हा कोयता ठेवला आणि पोछा धरला. पण जपला कोयत्यासारखाच. खोल्यांचा वेगळा, संडासाचा वेगळा. काम उरकलं की सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचे, घट्ट पिळायचे आणि गच्चीच्या कठड्याला टेकवून, दांडा खाली नि फडकं वर, उन्हात उभे करायचे. त्यात खाडा नाही.

दिवाळीच्या तोंडावर सुनील नावाचा नवा मॅनेजर आला. त्याच्या डोळ्यात कठड्यावरचे पोछे खुपले. भक्तांना रस्त्यावरून लॉजच्या आधी चिंध्या दिसतात, म्हणाला. आजपासून पोछे जिन्याखाली, बादलीत. ओला पोछा कोंडला की आंबतो, हे छबूबाईने सांगून पाहिलं. त्याने सुगंधी फिनेलचा कॅन पुढे केला आणि पटत नसेल तर घरचा रस्ता धरा, असं सुनावलं. घरचा रस्ता म्हणजे पुन्हा ऊसतोड, आणि गुडघे आता त्या कामाचे राहिले नव्हते. छबूबाईने आठ दिवस मुकाट्याने ऐकलं.

नवव्या दिवशी व्हरांड्यात एक रांगतं पोर तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर हात टेकताना दिसलं. तोच हात त्याने तोंडात घातला. छबूबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. सुनीलचा राग आलाच, त्याहून जास्त स्वतःचा आला.

बादलीतला पोछा उचलून ती थेट सुनीलच्या केबिनमध्ये शिरली आणि त्याच्या खुर्चीभोवती पुसू लागली. दोन हात फिरले नाहीत तोच सुनील नाकाला रुमाल लावून दारात पळाला. हे काय आणलंत, म्हणून ओरडला.

"तुमी सांगितलं तसा ठिवलेला पोछा हाय, सायेब. समद्या खोल्यांत ह्योच फिरतोय. तुमचीच तेवढी राह्यली हुती."

मग मागच्या बोळात वाळवा, तो म्हणाला. बोळात ऊन येत नाही, तिने सांगितलं. तसं असेल तर तुम्हाला काढावं लागेल, असं तो पुटपुटला.

"काढा. ऊस तोडंन, न्हाई झेपलं तर मोळ्या बांधंन. पर हितं हाय तवर आंबलेला पोछा मी फिरवायची न्हाई."

उत्तराची वाट न बघता ती पोछे धुवायला पाणी तापवायला गेली. सुनीलने तिला काढलं नाही, कठड्यावर परतलेले पोछेही हलवले नाहीत. दया आली म्हणून नव्हे. संध्याकाळपर्यंत केबिनमधला वास हटेना, आणि तो घालवणं दुसऱ्या कुणाला जमेना.